पाकिटावरचा ताण आणि आपला सा

व्हायोलिनच्या तारा घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात चांगल्या कुठल्या?" आणि उत्तरही ठरलेलं, बहुधा सगळ्यात महागडं पाकीट काउंटरवर ठेवून दिलेलं. दुकानदारानं खरं तर उलट विचारायला हवं, "सा कुठला लावता?"

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते दोन वादक शेजारी उभे केले की कळतं. गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले आणि पुढे मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओत वाजवणारे वादक बरेच होऊन गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं ठळक नाव. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. या परंपरेतला वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतो आणि चार तारा जी, डी, ए, ई अशाच लावतो. दुसरीकडे गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्या वाटेनं जाणारा वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं खुंट्यांकडचं टोक पायावर टेकवतो, तंबोऱ्याशी सा मिळवतो आणि बाकीच्या तारा त्या सा-भोवती लावतो. दोघं एकाच दुकानातून एकच पाकीट नेतात. पाकीट बनवणाऱ्यानं मात्र पहिल्याच वादकाचा विचार केलेला असतो. पाकिटावर ताणाचे जे आकडे असतात ते जी-डी-ए-ई जुळणीचे, ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं आणि घोडीपासून नटपर्यंतचं अंतर साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर, हे गृहीत धरून काढलेले. यातली एक गोष्ट बदलली की पाकिटावरचा ताण हा आपल्या वाद्यावरचा ताण राहत नाही.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यानं १६३६ साली हे नियम आकड्यांत मांडले, आणि तारांचे कारखाने आजही त्याच हिशेबानं चालतात. पहिली तार, म्हणजे ई, साधारण ०.२६ मिलिमीटर जाडीची नुसती पोलादी तार असते. तिला ई स्वरावर, म्हणजे ६५९ कंपनांवर आणायचं तर सुमारे पावणेआठ किलोचा ताण द्यावा लागतो. इतकी बारीक तार आणि तिच्यावर भरल्या पिशवीएवढं वजन. बाकीच्या तिन्हींवर साधारण साडेचार ते साडेपाच किलो असतात. चारींचा मिळून बावीस-तेवीस किलोंचा ताण लाकडाच्या त्या नाजूक पेटीवर चोवीस तास असतो आणि त्यातले आठेक किलो घोडीतून सरळ खाली, वरच्या पातळ फळीवर दाबतात. महागड्या, जास्त ताणाच्या तारांनी आवाज हमखास मोठा होतो असं मानणाऱ्यांनी ही फळी डोळ्यांसमोर आणावी. तिला कंप पावायला मोकळीक लागते. दाब प्रमाणाबाहेर वाढला की आवाज मोठा होण्याऐवजी कोंडतो.

मग चौथी तारही नुसत्या पोलादाची का नाही? हिशेब करून पाहा. जी स्वर १९६ कंपनांचा. साडेचार किलोंच्या आसपास ताण ठेवून तो हवा असेल तर पोलादाची तार ०.६७ मिलिमीटर जाडीची घ्यावी लागेल. ती तार न राहता सळई होते. ताठपणामुळे तिचे वरचे उपस्वर जागेवर पडत नाहीत आणि आवाज पत्र्यासारखा येतो. आतड्याची तार घ्यावी तर ती १.६५ मिलिमीटर जाड लागते. गज फिरवला तरी लवकर बोलत नाही, आणि बोलली तर घोगरी. सतराव्या शतकात यावर तोड निघाली. आतला गाभा लवचीक ठेवायचा आणि त्यावर बारीक धातूची तार गुंडाळून वजन वाढवायचं. आज पाकिटातल्या खालच्या तीन तारा याच पद्धतीच्या असतात. आत एक पदार्थ, बाहेर दुसरा. तारांच्या जाती ठरतात त्या आतल्या गाभ्यावरून.

सगळ्यात जुना गाभा मेंढीच्या आतड्याचा. सारंगीच्या मुख्य तीन तारा आजही याच असतात. आपल्याकडे त्यांना तात म्हणतात. युरोपात रोम आणि नेपल्सच्या तातांना मोठा मान होता, आणि जर्मनीतल्या ऑफनबाख गावी असलेली पिरास्ट्रो कंपनीही मुळात अशाच इटालियन तारकाम करणाऱ्या घराण्यानं १७९८ साली सुरू केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पहिली तारही तातेचीच असे आणि ती मैफलीत तटकन तुटे. मग पोलादी ई आली. नाकं मुरडणारे होतेच, पण तुटणाऱ्या तारेपेक्षा थोडी कडक बोलणारी तार परवडली. पुढचा मोठा बदल १९७० सालचा. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड कंपनीनं डॉमिनंट नावाचा सेट काढला. त्याचा गाभा पेर्लॉनचा, म्हणजे १९३८ साली जर्मनीत तयार झालेल्या नायलॉनच्या एका प्रकाराचा. तातेसारखा मऊ, भरीव आवाज, आणि पावसाळी हवेत सतत खुंट्या पिळायची कटकट नाही. आज नव्या सेटचं वर्णन करताना वादक पहिली तुलना डॉमिनंटशीच करतात: याहून उजळ, याहून मऊ, याहून ताठ.

तर आज दुकानात जाती तीन. तात, कृत्रिम गाभा आणि पोलाद.

तातेच्या तारांबद्दल फार लिहीत नाही, कारण कोकण, मुंबई आणि गोव्याच्या हवेत त्या सांभाळणं म्हणजे जुलै महिन्यात पापड वाळवणं. पिरास्ट्रोची युडॉक्सा ऐकायला सुरेख. पण हवेतली आर्द्रता बदलली की तिचा स्वर हलतो, आणि आपल्या बाजूच्या मैफलीत एसी चालू-बंद होत राहतो. ज्यांना तो आवाज हवाच आहे त्यांना हे सगळं माहीत असतं.

पोलादी गाभ्याच्या तारांना उगाच कमी लेखलं जातं. त्या स्वस्त असतात, लावल्या की तासाभरात स्थिर होतात, हवेचा त्यांच्यावर फार परिणाम होत नाही आणि गज टेकताक्षणी बोलतात. पण यातही दोन प्रकार आहेत, आणि फरक पाकिटावर बारीक अक्षरांत असतो. एक म्हणजे आत एकच भरीव पोलादी तार. डॅडॅरिओ कंपनीचा प्रिल्यूड हा शिकाऊ मुलांचा सेट असा आहे. दुसरा म्हणजे आत अनेक बारीक तारा दोरासारख्या पिळलेल्या. त्याच कंपनीचा हेलिकोर असा. दोरगाभ्याची तार जास्त लवचीक, त्यामुळे आवाजात गोलाई येते. शिकणाऱ्यानं, किंवा फाइन ट्यूनर चारी तारांना आहेत अशा वाद्याच्या मालकानं, पोलादाला नाही म्हणायचं कारण नाही. उलट, खुंट्या नीट न धरणाऱ्या स्वस्त वाद्यावर महागडे कृत्रिम सेट चढवणं हा पैसा वाया घालवायचा खात्रीचा मार्ग.

कृत्रिम गाभ्यात मात्र निवड खरी आणि गोंधळही खरा. डॉमिनंट हा मधला. पिरास्ट्रोची टोनिका त्याच्या आसपासची, खिशाला जरा हलकी. ऑब्लिगाटो गडद, तातेची आठवण देणारी. एव्हा पिराझी जोरकस, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी, आणि बोटांना ताठ लागणारी. डॅडॅरिओच्या झायेक्सचा गाभा वेगळ्याच प्लास्टिकचा. नावं कितीही असली तरी प्रत्येक सेटबद्दल विचारायचं एवढंच: उजळ की गडद, ताठ की मऊ. मग आपलं वाद्य घ्यायचं आणि उलट दिशेनं जायचं. व्हायोलिन मुळात कर्कश असेल तर गडद तार, दबलेलं असेल तर उजळ. सुखाचा संसार इथेही विरुद्ध स्वभावांचाच होतो, निदान बहुतेक वेळा. पण उजळ तार घातली म्हणून जाड फळीचं, खराब बसवलेल्या घोडीचं वाद्य गाऊ लागत नाही. तिथे आधी कारागिराकडे जायचं. घोडी आणि आतला साउंडपोस्ट जागेवर आला की तारांचा प्रश्न पुष्कळदा सुटलेलाच असतो.

आता सा. समजा, आपला सा पांढरी दोन, म्हणजे डी. गंमत अशी की विलायती जी-डी-ए-ई जुळणी तेव्हा आपोआपच म-सा-प-रे होते. पाकिटावरचा आकडा जसाच्या तसा लागू.

पण आपल्याकडे अनेक जण प-सा-प-सा लावतात. त्याच पांढरी दोनमध्ये मधल्या दोन तारा पाकिटाप्रमाणेच राहतात. चौथी जी-वरून ए-वर, म्हणजे दोन पट्ट्या वर चढते, आणि पहिली ई-वरून डी-वर, दोन पट्ट्या खाली येते. ताण हा कंपनांच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे दोन पट्ट्यांचा हा फरकही दिसतो त्याहून मोठा. पहिलीचा ताण पावणेआठवरून सव्वासहा किलोंच्या आसपास उतरतो, तर चौथीचा साडेचारवरून साडेपाच-पावणेसहापर्यंत चढतो. म्हणजे पहिली तार मऊ पडली आणि चौथी ताठ झाली. अशा वेळी पूर्ण सेट एकाच जाडीचा घेण्यात अर्थ नाही. पाकिटांवर वाइख, मिटल, श्टार्क असे जर्मन शब्द दिसतात: हलकी, मध्यम, जड. या जुळणीत पहिली श्टार्क आणि चौथी वाइख घेतली तर चारी तारा गजाखाली पुन्हा एका वजनाच्या वाटतात. सुट्या तारा मिळतात. मागायच्या मात्र लागतात.

सगळ्यात मोठी गडबड सा-प-सा-प जुळणीत. कर्नाटकी वादनात हीच चालते आणि हिंदुस्थानीतही तिचे वादक आहेत. पुरुष गायकाच्या साथीला सा पांढरी दोनवर आला तर चारी तारा खाली उतरवाव्या लागतात: वरच्या दोन पंचमानं, खालच्या दोन मध्यमानं. पंचमानं उतरवलं की ताण पूर्वीच्या ४४ टक्के राहतो, मध्यमानं उतरवलं की ५६ टक्के. पहिल्या तारेवर पावणेआठऐवजी साडेतीन किलो उरतात. चारींची बेरीज बावीस-तेवीसवरून अकरा-साडेअकरावर येते. जवळजवळ निम्मी.

निम्म्या ताणाची तार कशी वागते? गज जरा दाबला की स्वर लटपटतो. बोट जोरात पडलं की स्वर चढतो, कारण सैल तारेला बोटानं मिळालेला जादा ताण प्रमाणात मोठा असतो. आवाज जवळ गोड आणि पाच रांगा मागे नाहीसा. बाजूनं सांगायचं तर मींड अशा तारेवर रेशमासारखी जाते, आणि म्हणूनच थोडी सैल तार आपल्या वादकांना आवडते. गायकी अंगानं वाजवणाऱ्याला ताठ तारेशी झुंजायचं नसतं. पण थोडी सैल आणि निम्मी यात फरक आहे. द्रुत तानेत ती निम्मी तार गजाला उत्तरच देत नाही.

श्टार्क जाडीनं ताण थोडासाच वाढतो. निम्म्याची भरपाई होत नाही. कागदावर चांगला बसणारा उपाय वेगळा आहे. डी-ए-डी-ए या स्वरांकडे पाहा. वरचे दोन स्वर, डी आणि ए, हे व्हायोलिनच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेचेच आहेत. म्हणजे पाकिटातली ए पहिल्या जागी आणि डी दुसऱ्या जागी लावली की त्या दोघी पूर्ण ताणावर आल्या. खालच्या दोन जागांसाठी व्हायोलापाशी जायचं. व्हायोलाच्या सी आणि जी तारा साधारण साडेसदतीस सेंटिमीटर लांबीसाठी केलेल्या असतात. त्या व्हायोलिनच्या तोकड्या लांबीवर एक-एक पूर्ण स्वर चढवून डी आणि ए लावल्या तर मूळ ताणापेक्षा पाचेक टक्केच कमी पडतात. अर्थात व्हायोलाच्या तारांचा ताण मुळातच जरा जास्त असतो आणि त्या जाडही असतात. घोडीवरच्या आणि नटमधल्या खाचा कारागिराकडून रुंद करून घ्याव्या लागतात, आणि खुंटीकडचा रेशीम गुंडाळलेला भाग नटच्या पुढे येत नाही ना, हेही तपासावं लागतं. एकदा रुंद केलेली खाच परत अरुंद होत नाही. म्हणून ज्यांची जुळणी कायमची ठरली आहे त्यांनीच या वाटेला जावं. रोज वेगवेगळ्या पट्टीच्या गायकांना साथ करणाऱ्यानं जाऊ नये. आणि गायिकेच्या पांढरी पाचला सा-प-सा-प लावणाऱ्यानं तर मुळीच नको. तिथे खालच्या दोन तारा जी आणि डी म्हणजे पाकिटाच्याच जागी असतात आणि वरच्या फक्त दोन पट्ट्या खाली.

पहिल्या तारेची गोष्ट निराळी, म्हणून तिचा विचारही सुटा करायचा. सेटमधल्या तीन तारा एका कंपनीच्या आणि ई दुसऱ्याच कंपनीची, ही तऱ्हा जगभर रूढ आहे. डॉमिनंटबरोबर पिरास्ट्रोची गोल्ड लेबल ई लावणारे कितीतरी. ई स्वस्त असते, त्यामुळे प्रयोग परवडतो. तिची खोड म्हणजे शिट्टी. ए-वरून मोकळ्या ई-वर गज नेला की अधूनमधून स्वराऐवजी चिरका सूं असा आवाज निघतो. वादक स्वतःला दोष देतो, पण अर्धा दोष तारेचा असतो. गज तारेला आडवं ओढतो तसंच थोडं पिळतोही, आणि नुसती गुळगुळीत पोलादी तार त्या पिळण्याला लवकर थोपवत नाही. ती पिळतच कंप पावत राहते. सोन्याचा मुलामा दिलेल्या ई ऐकायला लखलखीत, पण त्या ही खोड जास्त करतात. वरून बारीक तार गुंडाळलेली ई घेतली की शिट्टी जवळजवळ जाते, आवाज थोडा मऊ होतो. स्लोव्हाकियातल्या वारहाल कंपनीनं तर अँबर नावाची ई काढली आहे, जिचा एक तुकडा स्प्रिंगसारखा वळवलेला दिसतो. ताणली की ती सरळ होते.

ई घेताना टोकही पाहायचं. फाइन ट्यूनर आकड्याचा असेल तर फासाचं टोक, खाचेचा असेल तर गोळीचं. चुकीचं आणलं तर दुकानाची फेरी पुन्हा.

आता घामाचं. सगळ्यात आधी मरते ती बहुधा ए. तिच्यावरचं गुंडाळण अनेक सेटमध्ये ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियमला मुंबईचा घाम सोसत नाही. तार भिंगातून पाहिली तर पहिलं बोट पडतं त्या जागी आधी ती काळपट झालेली दिसते, मग पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि शेवटी चपट्या पट्टीचे कडेचे पेड वर येऊन बोटाला बोचू लागतात. मींड घेणाऱ्याचं बोट त्या भागावरून दिवसभर घसरतं, त्यात सरकायला सोपं जावं म्हणून बोटाला तेल लावणारे वादक आहेत. तेल, राळ आणि घाम यांचा चिखल पेडांमध्ये बसतो. तार मग जाड-बारीक झालेली असते आणि कितीही खुंटी फिरवा, पंचम जुळत नाही. वाजवून झालं की कोरड्या मऊ फडक्यानं बोटांखालचा भाग आणि गजाखालचा भाग पुसायचा, एवढं जरी केलं तरी तारेचं आयुष्य वाढतं. ज्याच्या हाताला फार घाम येतो त्यानं चांदीच्या किंवा क्रोम-पोलादाच्या गुंडाळणाचा पर्याय विचारावा. डॉमिनंटची डी ॲल्युमिनियमची आणि चांदीची, अशी दोन्ही प्रकारांत मिळते.

लहान मुलांच्या वाद्याच्या तारा घेताना आकार सांगायला विसरू नये: अर्धा, पाऊण की पूर्ण. पूर्ण मापाची तार अर्ध्या व्हायोलिनवर चढते, फक्त सैल आणि मुकी राहते. आणि नावाजलेल्या सेटच्या नकलाही बाजारात असतात. डॉमिनंटचं खुंटीकडचं रेशीम जांभळं, एव्हा पिराझीचं हिरवं. निम्म्या किमतीत सेट मिळाला तर रंग, छपाई आणि प्रत्येक तारेची सुटी कागदी पाकिटं आधी पाहून घ्यावीत.

तारा बदलताना चारी एकदम सोडायच्या नाहीत. ताण गेला की आतला साउंडपोस्ट, जो डिंकानं चिकटवलेला नसून नुसता दाबानं उभा असतो, तो पडू शकतो. एक काढायची, एक लावायची. खाचांत पेन्सिलीचं शिसं फिरवायचं म्हणजे तार अडत नाही. प्रत्येक तारेनंतर घोडी खुंट्यांकडे झुकली आहे का पाहायचं, झुकली असेल तर दोन्ही हातांनी हळूच सरळ करायची. कृत्रिम तारा पहिले दोन-तीन दिवस उतरत राहतात. मैफलीच्या आदल्या रात्री नवा सेट चढवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आलापाच्या मधे खुंटीशी झगडावं लागतं. आठवडाभर आधी लावावा. उतरवलेल्या जुन्या तारांपैकी ज्या अजून स्वर धरतात त्या गुंडाळून पेटीत ठेवाव्यात, कारण ऐनवेळी तुटलेल्या तारेच्या जागी लावायला मुरलेली जुनी तार नव्या तारेपेक्षा बरी. ई मात्र नवीच आणि जादाची घेऊन ठेवायची.